हार घातल्यानंतरचा कागद

“मग त्या सीटवर बसलंय कोण, उस्ताद?”

जैनू उस्ताद मजारीवरची सुकलेली फुलं वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला कशाला विचारतोस, रंग्या? एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यातून पाणी. मला तर तूसुद्धा अर्धाच दिसतोस.”

“चेष्टा नका करू. चार इलेक्ट्रिशियन झाले. सीटखालची पट्टी बदलली. वायर तोडली. तरी वाजतं.”

“काय वाजतं?”

“घंटी...”

वाघजाळीच्या घाटमाथ्यावर पीरसाहेबांचा लहानसा दर्गा आहे. घाट उतरणारा ड्रायव्हर कोणत्याही देवाचा असो, तिथे गाडी हळू करतो, हात जोडतो आणि मगच उताराला लागतो. जैनू मुजावर त्या दर्ग्याची झाडलोट करायचे. त्याआधी तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता. रंगनाथ टेंगले त्यांच्या ट्रकवर क्लीनर होता. क्लीनर ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो. ट्रक विकला गेला तरी ते नातं राहतं.

पुढे रंगनाथने तालुक्याला जुन्या गाड्यांचा बाजार काढला. लोक त्याला शेठ म्हणू लागले. उस्ताद रंग्याच म्हणत राहिले.

माझी चहाची टपरी दर्ग्यासमोर आहे. वैशाख नुकताच लागला होता. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यामुळे दोघांचं बोलणं मला सगळं ऐकू येत होतं.

“चला, ऐकवतो,” रंगनाथ म्हणाला.

चिंचेच्या सावलीत एक करड्या रंगाची लहान गाडी उभी होती. धुऊन पुसून इतकी चकचकीत केलेली, की चिंचेची पानं तिच्या टपावर मोजता आली असती. रंगनाथने खिडकीतून हात घालून किल्ली अर्धी फिरवली.

टिंग... टिंग... टिंग...

काचेमागे एक लाल दिवा लागला. छातीवर पट्टा घेऊन बसलेल्या माणसाचं बारकं चित्र.

“डाव्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ही घंटी वाजते,” रंगनाथ म्हणाला. “कुणी बसलं की. सीट तर रिकामी आहे. बघा ना.”

उस्तादांनी डोळे बारीक करून सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“तू एकटाच आलास?”

“एकटाच. तालुक्यापासून बावीस किलोमीटर. सगळ्या वाटेने वाजत आली.”

“मग एकटा कुठे आलास?”

रंगनाथने किल्ली बंद केली. घंटी थांबली. त्याने रुमालाने मान पुसली.

“उस्ताद, आधी ह्या एकाच गाडीत वाजायची. आता माझ्या स्वतःच्या गाडीतपण वाजते. घरच्या गाडीत. बायको पुढे बसायची सोडून मागे बसायला लागली. मी विचारलं, काय गं, काय झालं? तर म्हणते... तुमच्या शेजारी जागा नाही असं वाटतं.”

उस्ताद अजून सीटकडेच बघत होते.

“उद्या अक्षय्य तृतीया. उद्या सकाळी दहाला ह्या गाडीची डिलिव्हरी. पोस्टातला पोरगा आहे, कोरडे म्हणून. पहिली गाडी घेतोय. त्याच्या आईला मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पुढे बसणार. म्हातारी बसली आणि उतरल्यावरही घंटी वाजत राहिली, तर? अख्खा सौदा मोडेल. बाजारात नाव जाईल. काहीतरी करा. धूप घाला, लिंबू कापा, काय लागेल ते करा.”

“गाडी कुणाची?”

“कुणाची तरी. जुनी गाडी म्हणजे कुणाची तरी असणारच.”

उस्तादांनी चाचपडत डावं दार उघडलं. ते करकरलं.

“पांढरी होती,” ते म्हणाले.



उस्तादांनी चाचपडत डावं दार उघडलं. बिजागरीजवळ, जिथे रंगाचा फवारा पोचत नाही, तिथे बोट फिरवलं. मलाही टपरीवरून दिसलं. आत पट्टीभर पांढरा रंग तसाच होता.

“डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणता ना?” रंगनाथ म्हणाला.

“दाराचा आवाज ओळखला. हे दार मी उघडलंय एकदा... कुणाची गाडी, बेटा?”

रंगनाथ चिंचेच्या बुंध्याला टेकून खाली बसला. शेठ झाल्यापासून तो जमिनीवर बसत नसे.

“सखाहरी मिस्त्रीची. सुतारकाम करतो. त्याच्या बायकोच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती. लेकीकडे जायचं तर तिला उचलून चढवायला लागायचं. म्हणून गाडी घेतली त्याने माझ्याकडून. मागच्या दिवाळीला. चार महिन्यांनी तुमच्या ह्याच घाटात टायर फुटला. मिस्त्री वाचला. बाई गेली. मोडकी गाडी त्याने मला उचलायला सांगितली. मी उचलली, पत्रा सरळ केला, रंग मारला. धंदा आहे उस्ताद. सगळेच करतात.”

“टायर जुने होते?”

“होते थोडे.”

“मिस्त्रीला कळलं नाही? सुतार माणूस. फळीला डोळा लावून बघणारा.”

“कळलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाला, शेठ, टायर गेलेत. मी म्हणालो, किंमत त्या हिशोबाने लावली आहे, टायर तुम्ही घालून घ्या. हो म्हणाला. टायरचे पैसे वेगळे बाजूला ठेवले होते त्याने.”

“मग घातले का नाहीत?”

रंगनाथच्या तोंडावर जरासं हसू आलं. ते त्याला आवरता आलं नाही. आपली हुशारी सांगायची वेळ आली, की माणसाला असं हसू येतं.

“तेच तर आमचं कसब आहे, उस्ताद. बोर्डावर एक किंमत असते. ती ऐकून गिऱ्हाईक येतं. पण त्या किमतीत मला काय सुटणार? म्हणून दुसरा एक कागद असतो. तो कधी दाखवायचा, ह्यात सगळं आहे. सौद्याच्या वेळी दाखवला तर गिऱ्हाईक उठून शेजारच्या बाजारात जातं. मी काय करतो, डिलिव्हरीच्या दिवशी आधी गाडीला हार घालतो. नारळ फोडायला लावतो. घरच्या बाईच्या हाताने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून घेतो. पेढे वाटतो. फोटो काढतो. बायकापोरं गाडीत बसली, की मालकाला हळूच टेबलाशी बोलावतो. म्हणतो, एवढं तेवढं राहिलंय.”

“एवढं तेवढं म्हणजे?”

“फाइल चार्ज. ट्रान्सफर चार्ज. यार्डचं भाडं. हाताळणी.”

“हाताळणी म्हणजे?”

“गाडीला आम्ही हात लावला ना, त्याची.”

“बरं. मग?”

“मग इतर.”

“इतर म्हणजे?”

“इतर म्हणजे इतर, उस्ताद. तो आकडा सगळ्यात मोठा असतो.” रंगनाथ हसला. “हार घातलेली गाडी कुणी परत करत नाही. शेजारपाजारी पेढे खाऊन बसलेले असतात. मघाशी फोडलेल्या नारळाचं पाणी जमिनीवर ओलं असतं. माणूस खिसे उलटे करतो, पण उठून जात नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मी शोधून काढलं.”

“मी तर नाहीच शिकवलं,” उस्ताद म्हणाले.

“मिस्त्रीने टायरचे पैसे काढून दिले. म्हणाला, शेठ, हे टायरचे होते. मी म्हणालो, घाबरू नका मिस्त्री, अजून दहा हजार किलोमीटर हे टायर हसत जातील.”

उस्तादांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

दर्ग्याच्या दाराशी एक टॉमी कायम टेकवलेली असते. चाक काढायची ती लोखंडी सळई. घाट उतरण्याआधी क्लीनर तिने प्रत्येक टायर ठोकून बघतात. आवाज ऐकून हवा कळते, टायरचं पोट कळतं. उस्तादांनी ती उचलून रंगनाथपुढे धरली.

“ठोक.”

“मी?”

“विसरलास? थांबलं की फेरी. चहा नंतर.”

“उस्ताद, माणसं ठेवलीत मी ह्या कामाला.”

“पोट मोठं झालंय म्हणून वाकता येत नाही, असं सांग.”

रंगनाथ उठला. त्याने टॉमी घेतली आणि गाडीभोवती निघाला. पाहणाऱ्याला हसू आलं असतं. पांढरी पँट, हातात सोन्याचं कडं, आणि चाल मात्र क्लीनरची. अंग विसरत नाही.

पहिल्या टायरचा आवाज खणखणीत आला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचाही.

चौथा टायर डाव्या हाताचा, पुढचा. त्याच्यावर टॉमी पडली आणि बद्द असा आवाज झाला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

दोघेही थांबले.

“हा कुठला?” उस्तादांनी विचारलं.

“फुटला त्याच्या जागी घातला.”

“कुठून आणलास?”

“...भंगारातून. पण चालतो. वरून काळं पॉलिश मारलंय, नवा दिसतो.”

उस्ताद खाली बसले. त्यांनी टायरवर तळवा फिरवला. पॉलिशखाली रबराला बारीक चिरा गेल्या होत्या. त्यांनी हात लुंगीला पुसला. काळा डाग पडला.

“किती द्यायचे सांगा,” रंगनाथ घाईने म्हणाला. “त्या घंटीचं काय ते करा. तुम्ही मागाल ते देतो.”

“पाच रुपये. लिंबाचे.”

“पाच?”

“बोर्डावर लिहून ठेवू?”

“एवढंच ना? मागून काही नाही ना?” रंगनाथला पुन्हा हसू आलं. उस्तादांना नाही आलं.

“नारळ आणलास?”

“आणलाय.”

“फोड.”

रंगनाथने पायरीवर नारळ फोडला. पाणी दगडावरून ओघळून धुळीत गेलं. उस्तादांनी मजारीवरचा झेंडूचा हार काढून आणला आणि गाडीच्या तोंडावर घातला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. हात उंच करून काही पुटपुटले. मी टपरीवरूनच हात जोडले. रंगनाथने पाचाचं नाणं पेटीत टाकलं. आतल्या नाण्यांवर ते वाजलं.

वारा थांबला होता. चिंचेचं एक पान हलत नव्हतं.

“आता इतर,” उस्ताद म्हणाले.

रंगनाथ किल्ली घ्यायला वाकला होता, तो तसाच राहिला.

“इतर... म्हणजे?”

“इतर म्हणजे इतर.”

“आधी का नाही सांगितलं?”

उस्ताद नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. त्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्याने.

रंगनाथने हाराकडे पाहिलं. फुटलेल्या नारळाकडे पाहिलं. दगडावर पाणी अजून ओलं होतं.

“काय द्यायचं?” त्याने हळू विचारलं.

“डाव्या सीटवर बस.”

“मी?”

“तू. मी चालवतो. घाट उतरून खालच्या पुलापर्यंत जाऊ. तिथून परत. मग झालं.”

“उस्ताद, तुम्हाला दिसत नाही!”

“घाट मला पाठ आहे. तुझी भीती ही नाही, बेटा.”

“मग काय आहे?”

“तूच सांग. टायर हसत जातील ना?”

रंगनाथने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? माझ्या हातात चहाचा पेला होता, तो मी खाली ठेवला.

तो डाव्या दाराने आत बसला. त्याच्या वजनाने गाडी एका बाजूला झुकली. उस्ताद उजवीकडून आत गेले, चाचपडत स्टिअरिंग शोधलं. अठरा वर्षांनी त्यांचे हात स्टिअरिंगवर आले होते, पण बसले ते बरोबर जागच्या जागी. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

घंटी वाजली नाही.

“उस्ताद...”

“हं.”

“वाजत नाही.”

“मग बरं झालं की. त्याच्यासाठीच आलास ना?”

“तसं नाही. मी बसलोय. पट्टा लावलेला नाही. आता वाजायला पाहिजे.”

“बसलायस?”

“हा काय बसलोय!”

उस्तादांनी डावा हात लांबवला. तो रंगनाथच्या खांद्याला लागला. त्यांनी खांदा दाबून पाहिला. बाजारात भोपळा दाबून बघतात तसा.

“मला लागतोयस हाताला,” ते म्हणाले. “गाडीला कळत नाही, त्याला मी काय करू?”

रंगनाथने दार उघडून एक पाय बाहेर टाकला आणि सीटवरून अर्धा उठला.

टिंग... टिंग...

तो परत बसला. शांत.

पुन्हा उठला. टिंग... टिंग... टिंग... पुन्हा बसला. शांत.

पन्नाशीचा माणूस. लहान मुलासारखा उठत होता, बसत होता. तिसऱ्यांदा बसला तेव्हा त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. कुणीच नसताना गाडी म्हणत होती, कुणीतरी आहे. तो बसला की म्हणत होती, कुणी नाही.

“दार लाव,” उस्ताद म्हणाले. “पट्टा लाव.”

त्याने लावला. पहिल्या दोन वेळा तो कडीत बसला नाही.

गाडी सावलीतून बाहेर आली. चाकांखालची लिंबं एकेक करून फुटली. दर्ग्यापासून उतार सुरू होतो तिथे रस्त्यावर पांढरा पट्टा आहे. तिथवर ती सावकाश गेली. पुढे डाव्या हाताला दरी. खाली नदीकाठची झाडं मुठीएवढी दिसतात.

गाडीचं नाक पट्ट्यापलीकडे गेलं. उस्तादांनी ब्रेकवरचा पाय उचलला असावा. गाडी आपल्या आपण पुढे सरकली. हातभर. मग दोन हात.

“थांबा!”

गाडी सरकत होती.

“थांबा उस्ताद! तो टायर नाही टिकणार! मला माहीत आहे, नाही टिकणार तो!”

हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. गाडी थांबली. इंजिन बंद झालं. उस्तादांनी किल्ली काढून मुठीत घेतली.

दोघेही खाली उतरले नाहीत. खिडक्या उघड्या होत्या, आणि इतकी शांतता होती की मला रंगनाथचा श्वास ऐकू येत होता.

“त्या दिवशी मीच पोचलो होतो आधी,” उस्ताद समोर बघत म्हणाले. “दुसऱ्या वळणावर. मिस्त्री बाहेर फेकला गेला होता. बाई आत होती, तू बसलायस तिथे. मी दार उघडलं. पट्टा कापला. तिला फार लागलेलं दिसत नव्हतं. कपाळावरचं कुंकू तसंच होतं. मी म्हणालो, ताई, पाणी देऊ का? तिला पाणी नको होतं. ती एकच विचारत होती...”

“काय?”

“म्हणत होती, झालं का?”

रंगनाथने डोळे मिटले.

“तीनदा विचारलं,” उस्ताद म्हणाले. “झालं का, दादा? झालं का? कुणाला विचारत होती, मला समजलं नाही. मी तिचा दादा नव्हे. मी म्हणालो, हो ताई, झालं. पण तिला ते पटलं नाही. तशीच गेली... वाट बघत.”

पुढे बऱ्याच दिवसांनी एकदा रंगनाथ माझ्या टपरीवर बसून राहिला होता. तेव्हा त्याने मला जे सांगितलं, ते मी इथे सांगतो. उस्तादांना त्याने ते कधीच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी सखाहरी मिस्त्री टेबलाशी उभा राहून दुसरा कागद वाचत होता. त्याला वाचायला वेळ लागत होता. सोजरबाई, त्याची बायको, गाडीत डाव्या सीटवर बसली होती. नवी साडी, मांडीवर पेढ्यांचा पुडा. पट्टा तिने शिकून घेऊन स्वतः लावला होता आणि मग तो काढायला ती घाबरत होती. उन्हात बसून तिने खिडकीतून विचारलं होतं, झालं का, दादा? रंगनाथने टेबलाशी बसूनच हसून सांगितलं होतं, “झालंच, ताई. एक सही राहिली.” ती पुन्हा विचारायची. तो पुन्हा तेच सांगायचा. चार वेळा. तोवर मिस्त्रीने टायरचे पैसे मोजून टेबलावर ठेवले होते.

त्या दुपारी गाडीत बसून त्याला तेच आठवत होतं, असं तो म्हणाला. ती सीट उन्हात नव्हती तरी गरम होती, असंही म्हणाला.

रंगनाथ गाडीतून उतरला. त्याने दाराचा आधार घेतला आणि फोन काढला.

“हॅलो, कोरडे का? टेंगले बोलतोय... नाही, नाही, मुहूर्त कळतो मला. पण उद्या येऊ नका. टायर खराब आहेत... चारही नवे घालून देतो. नाही हो, त्याचे वेगळे नाहीत. बोर्डावर आहे तेवढेच. मागून एक रुपया नाही... ऐका, अजून एक. ही गाडी घाटात पडलेली आहे. त्यात एक बाई गेली आहे... हो, खरं सांगतोय. आईला विचारा. नको म्हणाल्या तर टोकन परत. पूर्ण परत... नाही, चिडू नका... बरं, चिडा.”

फोन बंद झाला. तिकडून काय बोललं गेलं ते कळलं नाही, पण रंगनाथचे कान लाल झाले होते.

“गेला सौदा,” तो म्हणाला.

टिंग.

एकदाच वाजलं. दार बंद होतं, इंजिन बंद होतं, किल्ली उस्तादांच्या मुठीत होती. मी स्वतः पाहिलं.

रंगनाथ दोन पावलं मागे सरकला.

“मिस्त्रीकडे जातो,” तो भराभर बोलायला लागला, कुणाशी ते त्यालाच माहीत. “आजच जातो. इथूनच जातो. त्याचे पैसे घेऊन जातो, सगळे. पाया पडतो त्याच्या. तो कागद उद्यापासून बंद. टेबलावर एकच कागद राहील, आधी दाखवायचा. हार नंतर. सगळं झाल्यावर हार...”

तो थांबला. आम्ही तिघंही कान देऊन राहिलो.

काही वाजलं नाही.

खालच्या वळणावरून एक ट्रक चढत होता, त्याची घरघर दुरून आली आणि डोंगरात जिरली. उस्ताद गाडीतून उतरले. बॉनेटवर हात ठेवत ठेवत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. हारातलं एक फूल निसटून धुळीत पडलं होतं, ते त्यांनी वाकून उचललं.

रंगनाथ त्यांच्याजवळ गेला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“उस्ताद... झालं का?”

शब्द तोंडातून गेले आणि त्याने हात तोंडावर नेला.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते डाव्या खिडकीशी वाकले. हातातलं फूल त्यांनी रिकाम्या सीटवर ठेवलं आणि आत बघून, फार मायेने म्हणाले,

“झालंच, ताई. एक सही राहिली.”